नुसत्या आकड्याला साल म्हणत नाहीत

रसायनी-मोहोपाड्याच्या कोणत्याही कचेरीत वर्ष एकदाच बदलत नाही. भिंतीवरची दिनदर्शिका जानेवारीत बदलते, पंचांग गुढीपाडव्याला बदलते आणि हिशेबाची वही एप्रिलच्या पहिल्या तारखेला. शाळा-महाविद्यालयांचे वर्ष जूनमध्ये उघडते. तलाठ्याच्या दप्तरात महसुली वर्ष १ ऑगस्टला लागते. बाजारपेठेतील गुजराती व्यापारी दिवाळीच्या पाडव्याला विक्रम संवताचे नवे साल मांडतो. मोहरमच्या चंद्राबरोबर हिजरी सन पालटतो, आणि तोही दरवर्षी दहा-अकरा दिवस अलीकडे सरकत जातो. इतकी वर्षे एकाच गावात नांदत असूनही गोंधळ फारसा होत नाही, कारण कोणता कागद कोणत्या वर्षाचा, हे त्या कागदाचा व्यवहार करणाऱ्याला ठाऊक असते.

ठाऊक असते, म्हणूनच ते लिहिले जात नाही. ‘बहात्तरचा दुष्काळ’ म्हटले की महाराष्ट्रात कोणी शतक विचारत नाही, आणि कोणत्या गणनेतले बहात्तर असेही विचारत नाही. जे सर्वांना ठाऊक ते लिहायचे राहून जाते, आणि काही पिढ्या उलटल्या की नेमके तेच हरवते. कागदावर किंवा दगडावर उरतो तो केवळ आकडा. प्राचीन महाराष्ट्राच्या कालगणनेतील एक मोठा वाद अशाच एका आकड्यावर आजही अडलेला आहे. आणि जुन्या मोडी कागदांची पुडकी घेऊन तालुक्याच्या कचेरीत येणाऱ्या सामान्य माणसाची अडचणही त्याच जातीची आहे. म्हणून हा विषय केवळ इतिहाससंशोधकांवर सोपवून मोकळे होता येणार नाही.

एक दिवस, अनेक सने

रायगड जिल्ह्याला त्याचे आजचे नाव १९८१ मध्ये ज्या किल्ल्यावरून मिळाले, त्या किल्ल्यावरील एका सर्वपरिचित दिवसापासून आरंभ करणे सोयीचे ठरेल. छत्रपती शिवाजी महाराजांचा राज्याभिषेक झाला तो दिवस शालिवाहन शके १५९६, आनंद नाम संवत्सर, ज्येष्ठ शुद्ध त्रयोदशी हा होता. त्याच दिवशी विक्रम संवताचा आकडा, वर्ष चैत्रात बदलणाऱ्यांच्या हिशेबी १७३१ होता आणि कार्तिकात बदलणाऱ्या गुजरातच्या हिशेबी १७३०. हिजरी सन १०८५ चालू होता. मराठी दफ्तरांत रूढ असलेला शुहूर सन १०७५ होता. तो आकड्यांऐवजी अरबी संख्याशब्दांत, ‘खमस सबैन व अलफ’ असा लिहीत. दक्षिणी फसली सन १०८४ होता. या सर्वांत त्या दिवशी आणखी एका सनाची भर पडली. राज्याभिषेक शक सुरू झाला आणि त्याचा आकडा होता १.

युरोपीय मंडळींचेही एकमत नव्हते. राज्याभिषेकास उपस्थित असलेला इंग्रज वकील हेन्री ऑक्झिंडेन याच्या कालगणनेप्रमाणे ती तारीख ६ जून १६७४ होती. आजच्या याच जिल्ह्यातील चौलला पोर्तुगिजांचे ठाणे होते. पोर्तुगालने पोप ग्रेगरीची सुधारित गणना १५८२ मध्येच स्वीकारली असल्यामुळे चौलच्या पोर्तुगीज कारकुनाच्या वहीत तोच दिवस १६ जून म्हणून पडणार. इंग्रजांनी ही सुधारणा १७५२ च्या सप्टेंबरात केली. तोपर्यंत एकाच किनाऱ्यावरील दोन ख्रिस्ती सत्तांच्या तारखांत दहा आणि पुढे अकरा दिवसांचे अंतर राहिले. ‘६ जून’ ही आपली सर्वतोमुखी तारीख म्हणूनच जुन्या, म्हणजे ज्यूलियन गणनेतली आहे, हे किती पाठ्यपुस्तकांत सांगितले जाते?

वरीलपैकी एकही आकडा चुकीचा नाही. प्रत्येक आकडा निराळ्या गरजेतून आला. शके आणि संवत्सर धर्मकृत्याला व पंचांगाला लागत. हिजरी सन मुसलमानी धर्मव्यवहाराला आणि बादशाही फर्मानाला लागे. राज्याभिषेक शक हे स्वतंत्र सत्तेचे चिन्ह होते. शुहूर आणि फसली ही दोन सने मात्र निव्वळ अर्थकारणातून जन्मली. चांद्र हिजरी वर्ष साधारण ३५४ दिवसांचे. पीक सूर्याच्या चालीने येते, आणि सारा मागणारा सन चंद्राच्या चालीने पळत असेल तर बत्तीस-तेहतीस वर्षांत सरकारच्या खात्यात एक वर्ष जास्त भरते. शेतकऱ्याच्या शेतात मात्र तेवढे एक पीक जास्त येत नाही. म्हणून चौदाव्या शतकात, इ. स. १३४४ च्या सुमारास, हिजरीचा तेव्हाचा ७४५ हा आकडा तसाच धरून पुढची वर्षे सौर मानाने मोजण्याचा शुहूर सन आला. सूर्य मृग नक्षत्रात शिरला की त्याचे वर्ष बदले, म्हणून त्याला मृगसाल हेही नाव पडले. पेरणीच्या तोंडावर वर्ष बदलणे हे रयतेला समजण्यासारखे होते. फसली सनाची कल्पना अकबराच्या काळातील. दक्षिणेत तो शाहजहानच्या वेळी, १६३६ च्या सुमारास लागू झाला.

प्रारंभी एकच असलेले हिजरी आणि शुहूर हे आकडे राज्याभिषेकापर्यंत १० वर्षांनी दुरावले होते. पानिपतचे युद्ध १४ जानेवारी १७६१ रोजी झाले तेव्हा हिजरी ११७४ आणि शुहूर ११६१ चालू होता. अंतर १३ वर्षांचे झाले होते. दोन्ही सनांची घडण अरबी, दोन्ही मराठी कागदांत येणारी. सनाचे नाव वाचायचे राहिले तर तेरा वर्षांची चूक ठरलेली.

सातवे वर्ष कोणाचे?

मध्ययुगीन कागदांत निदान सनाचे नाव तरी बहुधा सापडते. प्राचीन लेखांकडे वळावे तर तोही आधार सुटतो. कर्जत तालुक्यात राजमाचीच्या पायथ्याशी कोंडाण्याची बौद्ध लेणी आहेत. तेथील चैत्यगृहाच्या दर्शनी भागावर एक छोटा ब्राह्मी लेख आहे. कण्हाचा शिष्य बलक याने हे केले, एवढाच त्याचा आशय. वर्ष नाही, राजा नाही. त्याचा काळ अक्षरांच्या वळणावरून आणि कोरीवकामाच्या धाटणीवरून अंदाजावा लागतो.

खोपोलीवरून बोरघाट चढून मावळात गेले की कार्ल्याचे चैत्यगृह लागते. तेथे वर्ष सापडते. वासिष्ठीपुत्र पुळुमावी या सातवाहन राजाच्या सातव्या वर्षी, ग्रीष्माच्या पाचव्या पक्षात, पहिल्या दिवशी सोमदेव नावाच्या महारठीने वलूरक येथील संघाला, म्हणजे कार्ल्याच्याच भिक्षुसंघाला, एक गाव दिले, असे एक लेख सांगतो. त्या काळी वर्षाचे तीन ऋतू आणि प्रत्येक ऋतूचे आठ पक्ष मानीत. ग्रीष्म चैत्रापासून मोजला तर त्याचा पाचवा पक्ष ज्येष्ठाच्या आरंभी येतो. लेखात गाव नुसते दिलेले नाही, ते त्यावरील लहानमोठ्या करांसह दिलेले आहे. हा दगड म्हणजे त्या काळचा महसुली दस्तऐवज होय. कोणत्या दिवसापासून गावाचे उत्पन्न राजाच्या कोठाराऐवजी संघाकडे जाणार, हे ठरवणारी ती तारीख होती, म्हणूनच पक्ष आणि दिवस यांची काळजी इतकी बारकाईने घेतली गेली. ऋतू, पक्ष, दिवस सारे आहे. पण ते सातवे वर्ष पुळुमावीच्या राज्याचे. पुळुमावी गादीवर केव्हा बसला हे तेव्हा सर्वांना ठाऊक होते. आज ते ठाऊक नाही.

याहून मोठे कोडे नहपान या क्षत्रप राजाच्या काळातील लेखांचे आहे. त्याचा जावई उषवदात (ऋषभदत्त) याचे लेख नाशिक आणि कार्ले येथे आहेत. नाशिकच्या एका लेखाची गोष्ट अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने आवर्जून वाचावी अशी आहे. उषवदाताने ३,००० कार्षापण गोवर्धन येथील विणकरांच्या दोन श्रेणींकडे कायम ठेव म्हणून ठेवले. २,००० वर दरमहा शेकडा एक आणि १,००० वर दरमहा शेकडा पाऊण असे व्याज ठरले, आणि त्या व्याजातून भिक्षूंच्या वस्त्रादिकांची सोय लावली. मुद्दल परत घ्यायचे नाही, केवळ व्याज वापरायचे, हेही स्पष्ट केले. हा व्यवहार निगमसभेत ऐकवून नोंदला गेला. आजच्या पतपेढीने नमुना म्हणून पुढे ठेवावी अशी ही नोंद आहे. तिचे वर्ष आहे ४२. उषवदाताच्या अन्य नोंदींत ४१ आणि ४५ ही वर्षे येतात. जुन्नरला नहपानाचा अमात्य अयम याच्या लेखात ४६ येते. मुद्दल लिहिले, व्याजाचा दर लिहिला, श्रेणी लिहिली, साक्ष लिहिली. ४२ कोणत्या गणनेतले, एवढेच लिहिले नाही.

शेहेचाळीसचे वजन

हे ४६ पुढे शक म्हणून प्रसिद्ध झालेल्या सनातले मानले तर ते इ. स. १२४ ठरते. तसे मानणारे अभ्यासक आहेत. हे नहपानाचे राजवर्ष आहे, किंवा अन्य गणनेतले आहे, असे मानणारेही आहेत. त्यांच्या हिशेबाने नहपान पहिल्या शतकात जातो. मधले अंतर सुमारे अर्धशतकाचे.

या एका आकड्यावर किती गोष्टी टांगलेल्या आहेत ते पाहावे. गौतमीपुत्र सातकर्णीने नहपानाचा पराभव केला याबद्दल शंका नाही. नाशिक जिल्ह्यात जोगळटेंभी येथे १९०६ मध्ये नहपानाच्या सुमारे १३ हजार चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला, आणि त्यांपैकी ९ हजारांहून अधिक नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप पुन्हा मारलेला आहे. गौतमीपुत्राच्या अठराव्या वर्षी विजयी सैन्याच्या छावणीतून निघालेली आज्ञा नाशिकच्या लेण्यात कोरलेली आहे. तोवर उषवदाताकडे असलेले शेत भिक्षूंना दिल्याचे तीत म्हटले आहे. म्हणजे नहपानाचे ४६ आणि गौतमीपुत्राचे १८ ही वर्षे एकमेकांजवळची. एक सरकले की दुसरे सरकते, आणि त्यापाठोपाठ गौतमीपुत्राचा मुलगा पुळुमावी याचे कार्ल्यातील सातवे वर्षही सरकते.

प्रश्न केवळ राजांच्या यादीचा नाही. पहिल्या शतकातील एका ग्रीक खलाशाच्या मार्गदर्शिकेत, म्हणजे ‘पेरिप्लस’ मध्ये, कल्याण बंदराचा उल्लेख आहे. पूर्वी तेथे रीतसर व्यापार चाले. पुढे तो अडविला गेला, आणि तेथे चुकून आलेली ग्रीक जहाजे पहाऱ्यात भडोचला नेली जात, असे तीत सांगितले आहे. भडोचच्या प्रदेशाचा म्हणून तीत जो राजा येतो तो नहपानच, असे अनेकांचे मत आहे. ते मान्य केले तर कल्याणची नाकेबंदी आणि क्षत्रप-सातवाहन संघर्ष ही एकाच काळातली, एकाच आर्थिक झगड्याची दोन अंगे ठरतात. उलट ४६ म्हणजे इ. स. १२४ धरले तर या दोन घटनांमध्ये दोन पिढ्यांचे अंतर पडते. उल्हास नदीच्या खोऱ्यातून कोंडाण्याजवळून घाट चढणारा माल केव्हा आटला आणि केव्हा पुन्हा वाहू लागला, लेण्यांना दान देणाऱ्या व्यापाऱ्यांच्या हाती पैसा कोणत्या पिढीत आला, याची उत्तरे या निवडीवर अवलंबून आहेत. कोकणच्या प्राचीन अर्थकारणाचा एक अख्खा अध्याय ‘शेहेचाळीस’ या एका शब्दापुढे नसलेल्या नावासाठी खोळंबला आहे.

वादापुरते ते वर्ष इ. स. १२४ होते असे धरून चालू. तरी त्या वर्षी जगात कोणीही त्याला १२४ म्हणत नव्हते. ख्रिस्तजन्मापासून वर्षे मोजण्याची पद्धत डायोनिसियस एक्झिगुअस या धर्मगुरूने इ. स. ५२५ मध्ये सुचवली. रोममध्ये हेड्रियन सम्राट होता आणि वर्षाला त्या वर्षीच्या दोन कॉन्सलांची नावे देत. रोम नगराच्या स्थापनेपासून मोजले तर ते ८७७ वे भरते. चीनमध्ये ते हान घराण्यातील सम्राट आन याच्या यानग्वांग या कालनामाचे तिसरे वर्ष होते. पश्चिम आशियात सेल्युकसच्या सनाचे ४३५ वे वर्ष शरद ऋतूपर्यंत चालू होते. आजच्या पंचांगकर्त्याने मागे मोजत गेल्यास ते गतकली ३२२५, चैत्रादी विक्रम १८१ आणि वीरनिर्वाण संवत ६५१ ठरते. यांपैकी कलियुगाचा आकडा त्या काळी दगडावर कोरण्याचा प्रघात नव्हता, आणि ‘विक्रम’ व ‘शक’ ही नावेही त्या सनांना नंतरच्या काळात चिकटली. प्राचीन वर्षाला आपण जो क्रमांक देतो तो बहुतेक वेळा नंतरच्या पिढ्यांनी दिलेला असतो, हे ध्यानात ठेवले म्हणजे इतिहासाच्या पुस्तकातील सनावळीकडे पाहण्याची दृष्टी थोडी सावध होते.

दुहेरी नोंदीचा धडा

हिशेबाच्या विद्येत दुहेरी नोंदीचे महत्त्व सर्वांना पटलेले आहे. एक बाजू चुकली तर दुसरी ती उघडी पाडते. कालगणनेतही ज्यांनी दुहेरी नोंद केली त्यांचे लेख पुढच्यांच्या उपयोगी पडले. दुसऱ्या पुलकेशीच्या काळातील ऐहोळेचा लेख, ज्यात महाराष्ट्राचा उल्लेख येतो, त्याचे उत्तम उदाहरण आहे. तो शकाची ५५६ वर्षे झाल्याचे सांगतो आणि भारती युद्धापासून ३७३५ वर्षे झाल्याचेही सांगतो. दोहोंतील फरक ३१७९. कलियुग आणि शक यांच्यातील हे अंतर पंचांगकर्ते आजही तेवढेच धरतात. लेखाचा काळ इ. स. ६३४ असल्याबद्दल मग वादाला जागा उरत नाही.

सौराष्ट्रातील वेरावळचा १२६४ चा लेख याच्याही पुढे जातो. होर्मुझच्या एका मुसलमान नाखव्याने सोमनाथ परिसरात मशीद बांधून तिच्या खर्चाची व्यवस्था लावली, त्याचा हा संस्कृत लेख. त्यात एकाच वर्षाचे चार आकडे दिले आहेत : हिजरी ६६२, विक्रम १३२०, वलभी ९४५ आणि सिंह संवत १५१. चार समाजांचे लोक या दानाशी गुंतलेले होते. कोणालाही ‘आमच्या गणनेत हे कोणते वर्ष’ असे विचारावे लागू नये, अशी ही तरतूद. व्यापाऱ्यांच्या व्यवहारबुद्धीने केलेली ही खबरदारी सहाशे वर्षांनंतर संशोधकांच्या कामी आली. वलभी सन केव्हा सुरू झाला हे ठरवताना या लेखाचा पुरावा मोलाचा ठरला.

रायगड जिल्ह्यातच, अलिबागजवळील आक्षीच्या शिलालेखाकडे या दृष्टीने पाहता येते. मराठीतील अतिप्राचीन लेखांत त्याची गणना होते. झिजलेल्या दगडावरील आकड्याच्या वाचनाबद्दल अभ्यासकांत मतभेद झाले. शं. गो. तुळपुळे यांनी तो शके ९३४, म्हणजे इ. स. १०१२, असा वाचला. लेखात आकड्याबरोबर संवत्सराचे नावही आहे, परिधावी. दक्षिणेकडील पद्धतीत शकाच्या आकड्यात १२ मिळवून ६० ने भागले की उरणारी बाकी संवत्सराचा क्रम सांगते. ९३४ मध्ये १२ मिळवले की ९४६. साठाने भागून बाकी ४६. आणि साठ संवत्सरांत ४६ वे नाव परिधावी हेच. हाच ताळा राज्याभिषेकालाही लावून पाहावा. १५९६ आणि १२ मिळून १६०८, बाकी ४८, अठ्ठेचाळिसावे संवत्सर आनंद. नाव साठ वर्षांनी परत येते म्हणून एकटे नाव पुरत नाही, आणि आकडा झिजतो किंवा चुकीचा उतरवला जातो म्हणून एकटा आकडाही पुरत नाही. दोन्ही एकत्र असली की एक दुसऱ्याची साक्ष देते. गुढीपाडव्याला पंचांगाच्या पहिल्या पानावर जे संवत्सराचे नाव उपचार म्हणून वाचले जाते, त्याचा व्यवहारातील उपयोग हा आहे.

एकच सन का नको?

यावर एक आक्षेप स्वाभाविक आहे. जगाने इसवी सन स्वीकारला आहे. शाळेत, न्यायालयात, बँकेत तोच चालतो. मग जुन्या सनांचे ओझे कशाला वाहायचे? आक्षेपात तथ्य आहे. सर्वांना समजेल असा एक सामाईक सन असणे ही मोठी सोय आहे, आणि ती मोडावी असे कोणीही सुचवणार नाही. स्वतंत्र भारताने मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीच्या शिफारशीवरून २२ मार्च १९५७ पासून, १ चैत्र १८७९ म्हणून, राष्ट्रीय शक दिनदर्शिका सुरू केली, ती सुद्धा इसवी सनाच्या जोडीने. भारताच्या राजपत्रावर दोन्ही तारखा असतात. राष्ट्रीय शकाची तारीख घातलेला धनादेश बँकांनी नाकारू नये अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे, हे अनेक बँक कर्मचाऱ्यांनाही नव्याने कळावे.

आक्षेप जेथे चुकतो ती जागा निराळी आहे. सामाईक सन स्वीकारणे म्हणजे मूळ नोंद पुसणे नव्हे. रूपांतर करताना प्रत्येक वेळी एक निर्णय घ्यावा लागतो. शकात ७८ मिळवावेत हे विद्यार्थ्याला पाठ असते. पण जानेवारीपासून फाल्गुनअखेरपर्यंतच्या तिथीला ७९ मिळवावे लागतात. विक्रम संवत असेल तर तो चैत्रादी की कार्तिकादी, वद्य पक्ष असेल तर महिना अमान्त की पौर्णिमान्त, शक गत की वर्तमान, हे ठरवावे लागते. शिवाजी महाराजांच्या जन्मतिथीचा दीर्घकाळ चाललेला वाद शके १५४९ वैशाख शुद्ध द्वितीया आणि शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया या दोन परंपरांमधला होता. मूळ तिथी आपापल्या संवत्सरनामांसह टिकून राहिल्या, म्हणून तो तपासता तरी आला. कोणी मधल्या काळात दोन्हींचे परस्पर रूपांतर करून मूळ फेकून दिले असते, तर वाद घालण्यासही साधन उरले नसते.

ही गोष्ट आज निकडीची झाली आहे. कुणबी नोंदींच्या शोधासाठी निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती शासनाने २०२३ मध्ये नेमली, आणि राज्यभरच्या अभिलेखागारांतून मोडी व उर्दू कागद बाहेर निघू लागले. आरक्षणाच्या प्रश्नावर कोणाचे मत काहीही असो, एक परिणाम सर्वांना दिसतो. शतकभर न उघडलेल्या नोंदवह्या, शाळांचे जुने दाखले आणि जमिनीचे कागद हजारो घरांत पुन्हा वाचले जात आहेत. अशा कागदावर नुसते १२९० असेल तर? फसली धरले तर ते इ. स. १८८०-८१, हिजरी धरले तर १८७३-७४, शके धरले तर १३६८-६९. शके १७९० हे कोणी सहज इसवी सन १७९० समजला तर ७८ वर्षांची, म्हणजे तीन पिढ्यांची गफलत होते. पणजोबा स्वतःच्या आजोबांच्याही आधी जन्माला येतात आणि वंशावळ तुटते. कागद खरा असून पुरावा खोटा ठरतो. त्याचे नुकसान अर्जदाराला सोसावे लागते, आणि त्याला ते कशामुळे झाले हे बहुधा कळतही नाही.

करता येण्याजोगे

उपाय खर्चिक नाहीत. जुन्या कागदाचे लिप्यंतर किंवा प्रमाणित प्रत देताना तीन रकाने सक्तीचे करावेत : मूळ कागदावरील सन आणि मिती जशीच्या तशी, तो कोणता सन आहे याचा निर्णय, आणि त्यानंतर इसवी सनातील तारीख. दुसऱ्या रकान्यात निर्णय घेणाऱ्याने सही करावी. सन लिहिलेला नसेल तर ‘सनाचे नाव नाही’ असेच लिहावे. तो कोरा रकाना अंदाजाने भरू नये. मोडी शिकवणाऱ्या वर्गांत अक्षरओळखीबरोबर शुहूर, फसली, हिजरी आणि शके यांचा परस्परसंबंध शिकवावा. ‘इहिदे सितैन मया व अलफ’ म्हणजे ११६१, हे वाचता येत नसेल तर मोडीचे उरलेले ज्ञान अर्धवट राहते.

शाळांच्या पाठ्यपुस्तकांत प्राचीन घटनेपुढे केवळ इसवी सन छापण्याऐवजी, निदान एका प्रकरणात तरी, मूळ लेखातील वर्ष आणि आपण ते कसे बसवले हे दाखवावे. खालापूर-कर्जत तालुक्यांतील शाळांना त्यासाठी दूर जायला नको. कोंडाण्यात साल नसलेला लेख आहे, घाटावर कार्ल्यात राजाच्या राज्यवर्षाचा आहे, आक्षीला शक आणि संवत्सर दोन्ही असलेला आहे, आणि रायगडावर तर नवा सनच जन्मला. एका वर्षाच्या दोन सहलींत कालगणनेचा सारा इतिहास विद्यार्थ्यांना दाखवता येईल.

आपल्या स्वतःच्या नोंदींकडेही लक्ष द्यावे लागेल. रसायनी हे नाव जुन्या कागदांत सापडत नाही. १९६० मध्ये स्थापन झालेल्या हिंदुस्थान ऑरगॅनिक केमिकल्सच्या कारखान्याने आणि त्याच्या सोबतीच्या उद्योगांनी ते या भूभागाला दिले. २०१७ मध्ये केंद्र सरकारने तेथील बहुतेक संयंत्रे बंद करण्याचा निर्णय घेतला. ज्या कारखान्यामुळे गावाला नाव मिळाले त्याचे कागदही आता जुन्या दप्तरात जमा होत आहेत. त्यातील ताळेबंदांवर आर्थिक वर्ष जोडअंकात लिहिलेले असेल, ही चांगली सवय आहे. पण कामगाराच्या भरतीची चिठ्ठी, भूसंपादनाची पावती, ग्रामपंचायतीचा ठराव यांवर ‘साल ६२’ इतकेच असेल तर शंभर वर्षांनी ते कोणत्या गणनेतले बासष्ट आणि कोणत्या शतकातले, हे कोणी सांगावे? उषवदाताच्या कारकुनाला आपल्या ४२ बद्दल काडीचीही शंका नव्हती. आजच्या कारकुनालाही आपल्या ६२ बद्दल ती नसते. प्रत्येक कागदावर सनाचे नाव आणि पूर्ण आकडा लिहिण्यास दोन शब्दांची शाई लागते. तेवढी खर्च करण्याचा नियम ग्रामपंचायती, शाळा आणि पतसंस्था यांनी येत्या वर्षापासून, ते वर्ष जानेवारीत लागो, चैत्रात लागो की एप्रिलमध्ये, आपल्या दप्तरांना घालून घ्यावा.